गोळी : नाही

कंपाउंडर : पाच वर्षं! अगं, पाच वर्षांत माणूस म्हातारा होतो. मी तर आहेच, मी जातोसुद्धा.

डॉक्टर : काका, तुम्ही कुठे जाताय? बाबांनी तुम्हाला कामावर घेतलं त्या वर्षापासून तुम्ही जायचं म्हणताय.

कंपाउंडर : चेष्टा पुरे. पाच वाजता त्या मोठ्या रुग्णालयातल्या सरांना फोन करून सांगायचंय ना तुला? आता दीड वाजलाय. सकाळचे पेशंट संपले, दार ओढून घेतलंय, चारपर्यंत कुणी येणार नाही. एकदा नीट सांग. तीन वाटा म्हणालीस. कुठल्या तीन? मला कळेल अशा भाषेत.

डॉक्टर : पहिली म्हणजे माझ्या नोंदींच्या नऊ वह्या त्यांना देऊन टाकायच्या. त्यांची माणसं इथे येतील, वीटभट्टीवर जातील, अभ्यास करतील. शेवटी छापून येईल त्यात माझंही नाव असेल. कुठेतरी मधोमध.

कंपाउंडर : ग्रुप फोटोतल्या लांबच्या पाहुण्यासारखं. नको. दुसरी?

डॉक्टर : दोन वर्षांचं शिक्षण. घरी बसून करायचं, महिन्यातून चार दिवस तिकडे जायचं. रोग कुणाला होतो, कुठे होतो, किती होतो, ते मोजायचं कसं, एवढं शिकवतात. दवाखाना चालू राहतो.

कंपाउंडर : झालं की मग! घोडं अडलंय कुठे?

डॉक्टर : आणि तिसरी पाच वर्षांची. मोठ्या रुग्णालयात. आठवड्यातले तीन दिवस किडनीच्या वॉर्डात पेशंट बघायचे, तीन दिवस संशोधन. शेवटची दोन वर्षं स्वतःचा अभ्यास, आपण म्हणू त्या जागी. त्यातून जो बाहेर पडतो तो डॉक्टरही असतो आणि शास्त्रज्ञही. सर म्हणाले, अशी माणसं फार कमी असतात. पेशंट बघणारे प्रश्न घेऊन येतात पण त्यांना शोधता येत नाही, आणि शोधणाऱ्यांनी पेशंट पाहिलेला नसतो.

कंपाउंडर : सर काहीही म्हणतील. तू एक्केचाळीसची. तुझ्याबरोबर बाकावर बसणारी पोरं असतील सत्तावीसची. घरी काय म्हणतात?

डॉक्टर : नवरा म्हणतो, जा. नाही गेलीस तर रोज जेवताना मलाच त्या वह्या ऐकाव्या लागतील. लेक नववीत. तिनं विचारलं, "आई, म्हणजे माझ्या परीक्षा संपतील आणि तुझ्या चालूच राहतील?" फार खूश झाली.

कंपाउंडर : घर ठीक आहे. पण गावाचं काय? या बाजूला दुसरा डॉक्टर नाही. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला? तू आपली दोन वर्षांचंच घे. माझं ऐक.

डॉक्टर : माझाही कल तिकडेच आहे, काका. खोटं कशाला सांगू? फोन करून तेच सांगणार होते.

कंपाउंडर : शहाणी आहेस. आणि एक सांगतो, तोंडावर कधी म्हटलं नाही. चौदा वर्षं मी तुला बघतोय. पेशंट गेले की डबा उघडायच्या आधी वही उघडायचीस. भट्टीवरचा माणूस आला की त्याचं वय, वजन, रक्तदाब, साखर, लघवीची तपासणी, किडनीचं ते क्रिएटिनिन, काय काम करतो, कुठलं पाणी पितो… कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. साहेबांनासुद्धा नव्हतं सुचलं ते. तुझ्या वडिलांचं नाव घेऊन सांगतो.

डॉक्टर : मला तरी कुठे सुचलं होतं? पहिल्या वर्षी एक जण आला. बत्तीस वर्षांचा. पाय सुजलेले, भूक नाही. साखर नाही, रक्तदाब नाही आणि दोन्ही किडन्या संपलेल्या. मी म्हटलं, असेल एखादा. थोड्याच महिन्यांत त्याचाच भाऊ आला. तेव्हा पहिली वही आणली.

कंपाउंडर : आठवतात. दोघंही. विटा वाहायचे.

डॉक्टर : आता दोनशे बारा जण लिहिलेत. त्यांतल्या अडतीस जणांच्या किडन्या बिघडल्यात आणि कारण सापडत नाही. सरांचे डोळे चमकले ते चौथ्या रकान्यापाशी.

कंपाउंडर : चौथा म्हणजे…

डॉक्टर : "अंगदुखीची गोळी घेतो का?" या गोळ्यांनी किडनी बिघडते हे कुठल्याही डॉक्टरला माहीत असतं, आणि उन्हात घाम गाळणाऱ्याची लवकर बिघडते. म्हणून कुणीही पहिलं तेच म्हणणार, गोळ्या खात असतील. पण माझ्या अडतिसांपैकी चौतिसांपुढे लिहिलंय, "गोळी : नाही." म्हणजे दुसरं काहीतरी आहे. नुसती धग असेल, पाणी असेल, धूळ असेल. सर म्हणाले, हे जर खरं असेल तर… काका? काय झालं?

कंपाउंडर : काही नाही. बाटल्या पुसतोय.

डॉक्टर : ती बाटली तुम्ही तिसऱ्यांदा पुसताय.

भट्टीवाली : काका! ओ काका! आत आहात का?

कंपाउंडर : दवाखाना बंद आहे. चारनंतर ये.

भट्टीवाली : मला कुठं दवाखाना पाहिजे? मला खिडकी पाहिजे. दोनदा ठोकली बाजूची, उघडली नाही कुणी. म्हणून पुढनं आले.

कंपाउंडर : चारनंतर म्हटलं ना! डॉक्टर बसल्या आहेत इथे.

भट्टीवाली : अगं बाई. ताई आहेत होय? मग राहू दे. जाते मी.

डॉक्टर : थांबा. या आत. बसा त्या स्टुलावर. कुठली खिडकी?

भट्टीवाली : कुठं काय? काही नाही, ताई. दुपारच्या सुट्टीत सहज आले होते.

डॉक्टर : भट्टीपासून इथपर्यंत सहज? अर्धा तास चालावं लागतं. हात दाखवा बघू. केवढे सोललेत! कुठे आहात कामाला, मातीत का भरावात?

भट्टीवाली : भरावात. कच्च्या विटा डोक्यावरनं न्यायच्या आणि भट्टीत रचायच्या. मालक वर असतात, जाळावर. आमचे मालक हो, नवरा. भट्टीचा मालक कसला जाळावर जातोय!

डॉक्टर : काय दुखतं?

भट्टीवाली : काय दुखत नाही ते विचारा, लवकर आटपेल.

डॉक्टर : मग काय घेता दुखल्यावर?

भट्टीवाली : …काका, सांगू का?

कंपाउंडर : मला काय विचारतेस.

भट्टीवाली : तसं ठरलंय ना आपलं. ताईंनी विचारलं की नाही म्हणायचं.

डॉक्टर : कुणाचं ठरलंय?

भट्टीवाली : आमचंच. सगळ्या भट्टीचं. काका नाही म्हणाले हो तसं, शपथ. पण तुम्ही नव्या आलात तेव्हा एकदा रागावला होतात ना, ती गुलाबी गोळी कुणी दिली म्हणून? तेव्हा आमच्यातला म्हातारा म्हणाला, खरं सांगाल तर काकांची नोकरी जाईल, मग खिडकीत कोण बसणार? तेव्हापासून तुम्ही विचारलंत की आम्ही नाहीच म्हणतो. चांगला माणूस आहे, ताई. पहाटे कामाला जाताना उघडी असते खिडकी. एक दिवस बंद नाही.

डॉक्टर : दिवसाला किती घेता?

भट्टीवाली : मी दोन. मालक तीन. हंगाम भरात असला की चार.

डॉक्टर : किती वर्षं?

भट्टीवाली : लग्न झालं तेव्हापासून. ते आधीपासून घेत असतील.

डॉक्टर : आणि पाणी?

भट्टीवाली : टाकी खाली आहे, फाटकापाशी. वरनं उतरायचं, प्यायचं, परत चढायचं. सारखं उतरलं तर ओळ मागं पडते आणि मागचे बोंब मारतात. दुपारी एकदा पोटभर पिऊन घेतो.

डॉक्टर : ऐका. उद्या सकाळी नवऱ्याला घेऊन या. उपाशी नको, खाऊन या. दोघांचं रक्त तपासायचंय. या पांढऱ्या गोळ्या न्या, दुखलं तर एक. दिवसात तीनच्या वर नाही. ती गुलाबी आजपासून बंद. दोघांचीही.

भट्टीवाली : पांढरीनं उतरतं होय? गुलाबी कशी, घेतली की अर्ध्या तासात पाठ म्हणजे लोणी.

डॉक्टर : पाठीचं लोणी होतं आणि आत दुसरंच काहीतरी होतं. म्हणून म्हणतेय. याल ना उद्या?

भट्टीवाली : येते. ताई, काकांना काही बोलू नका हं. मीच मेली तोंडाची फाटकी.

डॉक्टर : तुमचे उपकार आहेत माझ्यावर. जपून जा.

कंपाउंडर : …दार लावून घेतो.

डॉक्टर : राहू द्या. बसा.

कंपाउंडर : उभाच बरा आहे.

डॉक्टर : इथे आले तेव्हाच मी सांगितलं होतं, माझ्या चिठ्ठीशिवाय ती गोळी कुणाला द्यायची नाही. तुम्ही मान डोलावली होती.

कंपाउंडर : मान डोलावली. खिडकी बंद केली नाही. औषधांचा हिशोब माझ्याच हाती, तुला कळलं नाही.

डॉक्टर : का?

कंपाउंडर : काय सांगू? पहाटे येऊन उभे राहायचे. बाया, बापये. कुणाची कंबर धरलेली, कुणाचा खांदा वर होत नाही. म्हणायचे, काका, आजचा दिवस काढायचाय. तू येणार नऊ वाजता. नऊपर्यंत थांबले तर त्यांची पाळी जाते. एक दिवस गेला की जागेवर दुसरा माणूस. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, थांबा, डॉक्टर येऊ द्या?

डॉक्टर : मला सांगायचं होतंत. मी पहाटे आले असते.

कंपाउंडर : आली असतीस. हे आत्ता कळतंय. तेव्हा वाटलं, एका गोळीनं काय होतंय? मग त्या एकीच्या किती झाल्या, कुणी मोजल्या?

डॉक्टर : बाबांना माहीत होतं?

कंपाउंडर : नको विचारूस.

डॉक्टर : काका, बाबांना माहीत होतं?

कंपाउंडर : ती खिडकी साहेबांनीच पाडून घेतली. तू शाळेत होतीस. भट्टीवरच्यांना रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून. गवंडी म्हणाला, भिंत कच्ची आहे. तर म्हणाले, मग पक्की कर, पण खिडकी पाहिजे. स्वतः बसायचे तिथे. त्या वेळी कुणाला ठाऊक होतं गं? माणसं बरी होऊन जायची, हात जोडायची. साहेब म्हणायचे, आजवर केलेलं एवढंच काम मला पुण्याचं वाटतं.

डॉक्टर : वह्या द्या इकडे.

कंपाउंडर : रडतेस?

डॉक्टर : नाही. मोजतेय. चौतीस "नाही". चौतिसांनी मला खोटं सांगितलं आणि मी ते शाईनं लिहिलं. त्या दोन भावांपुढेही लिहिलंय.

कंपाउंडर : चूक माझी आहे. तू मला काढून टाक. आजच. पण एक ऐक. सरांना पत्र गेलंय, त्यांनी जागा ठेवलीय. आत्ता तोंड उघडलंस तर ती जागा जाईल. आधी जा, शीक. वर्षभरानं म्हणायचं, पुन्हा तपासताना चूक सापडली. कोण विचारतंय?

डॉक्टर : कुणीच विचारणार नाही. म्हणून तर भीती वाटते.

कंपाउंडर : आणि साहेबांचं नाव? लोक म्हणतील, बापानं खिडकीतून विष वाटलं आणि लेक त्याच्यावर पदवी घेऊन आली.

डॉक्टर : म्हणतील. मला त्याहून वाईट दिसतंय. उद्या ती बाई नवऱ्याला घेऊन येईल. मी त्याला काय सांगू? माझी वही म्हणते, तू गोळी घेत नाहीस? फोन द्या तो.

कंपाउंडर : पाचला करायचाय ना?

डॉक्टर : पाचपर्यंत माझा धीर टिकेल याची खात्री नाही मला. …हॅलो. नमस्कार सर. हो, वेळेआधीच केला. …नाही, ते सांगतेच, पण आधी दुसरं. माझ्या पत्रातला चौथा रकाना चुकीचा आहे. …अंगदुखीच्या गोळ्यांचा, हो. नाही नाही, बेरीज बरोबर आहे. माणसांनी मला खरं सांगितलं नव्हतं. गोळ्या माझ्याच दवाखान्यातून जात होत्या, बाजूच्या खिडकीतून. …आत्ता. पंधरा मिनिटं झाली. …एक बाई गोळ्या मागायला आली. …हो. …हो, सर. माझ्या वडिलांच्या वेळेपासून. …समजू शकते. तुम्हाला दुसऱ्या कुणाला जागा द्यायची असेल तर… …सहज, सर. …नाही, ऐकतेय. …हो. …तिसरी वाट. पाच वर्षांची. …विचार केलाय, सर. आत्ताच केला. …बरं. येते. नमस्कार.

कंपाउंडर : काय म्हणाले? ओरडले?

डॉक्टर : नाही. विचारलं, हे तुम्हाला लपवता आलं असतं का? म्हटलं, सहज. मग म्हणाले, जागा तुमच्या चौथ्या रकान्यासाठी ठेवलेली नव्हती, बाई. चौदा वर्षं कुणी न सांगता लिहिलंत त्यासाठी ठेवली होती. आता तर ती दुसऱ्या कुणाला देणं मला जमणार नाही.

कंपाउंडर : असं म्हणाले? मोठा माणूस आहे. पण तू पाच वर्षांचं का म्हणालीस? आत्ता अर्ध्या तासापूर्वी दोनचं ठरलं होतं आपलं!

डॉक्टर : दोन वर्षांत मला आकड्यांशी खेळायला शिकवतील. पण माझा आकडा मोजण्यात चुकला नाही, काका. विचारण्यात चुकला. टेबलापलीकडे बसून मी विचारत होते, गोळी घेता का? आणि समोरचा माझ्याकडे बघून नाही म्हणत होता. चौदा वर्षं! मला वाटत होतं मी माणसांना ओळखते. हे दुरुस्त करायचं तर वॉर्डातल्या पलंगाशी बसावं लागेल. भट्टीवर वरपर्यंत चढावं लागेल. रक्त-लघवीत आधी काय बदलतं, गोळीनं काय होतं, धगीनं काय होतं, हे वेगळं काढायला शिकावं लागेल. ते दोन वर्षांत, घरी बसून, महिन्याला चार दिवस जाऊन होणार नाही. मला आज कळलं, मला किती येत नाही ते.

कंपाउंडर : एवढं कळायला लोकांना जन्म पुरत नाही. आणि दवाखाना?

डॉक्टर : एक जण आहे, नुकताच शिकून बाहेर पडलेला. आठवड्यातून चार दिवस यायला तयार आहे. मी महिन्यातून एकदा येईन. खिडकी चालू ठेवायची.

कंपाउंडर : चालू?

डॉक्टर : चालू. पहाटेच. पांढरी गोळी, पाण्याची बाटली, मीठ-साखरेची पुडी. आणि तुम्ही.

कंपाउंडर : मला काढायचं सोडून…

डॉक्टर : तुम्हाला काढलं तर मला सांगणार कोण? कुणी किती वर्षं कुठली गोळी घेतली हे कुठल्याच वहीत नाही. ते या जगात एकाच माणसाच्या डोक्यात आहे.

कंपाउंडर : आहे. सगळे आठवतात. कोण दोन न्यायचा, कोण दहाची पुडी न्यायचा. कुणी बायकोसाठी म्हणून न्यायचा आणि स्वतः खायचा. मेलेलेही आठवतात. तेच जास्त आठवतात.

डॉक्टर : सगळं लिहायचं. कुणी दिली तेही लिहायचं.

कंपाउंडर : लिही. माझं लिही. साहेबांचं…

डॉक्टर : बाबांचंही. खिडकी का पाडली तेसुद्धा. दोन्ही खरं आहे ना?

कंपाउंडर : दोन्ही खरं आहे. …तू साहेबांपेक्षा मोठी झालीस गं. कधी झालीस? मी रोज इथेच होतो, माझ्या लक्षातच आलं नाही.

डॉक्टर : उगाच काहीतरी. बसा आता. नवी वही काढते. पहिला प्रश्न तुम्हालाच. गेल्या वर्षभरात तुमचं काही दुखलं का?

कंपाउंडर : हे बरंय. माझी वही कशाला?

डॉक्टर : सांगा ना. काय दुखतं?

कंपाउंडर : गुडघे. या वयात सगळ्यांचेच दुखतात.

डॉक्टर : मग त्यावर काय करता?

कंपाउंडर : तेल चोळतो.

डॉक्टर : काका.

कंपाउंडर : दोन. सकाळी एक, रात्री एक. बाटली हाताशीच असते.

डॉक्टर : किती वर्षं?

कंपाउंडर : तुझं लग्न झालं त्या वर्षी जिन्यावरून पडलो होतो ना.

डॉक्टर : बाही वर करा.

(सहा महिन्यांनंतर, फोनवर.)

कंपाउंडर : हॅलो! ऐकू येतंय का? मागे कसला आवाज तो?

डॉक्टर : डायलिसिसची मशीनं आहेत. वॉर्डाच्या दारात उभी आहे. बोला. तुमचा रिपोर्ट आला?

कंपाउंडर : आला. क्रिएटिनिन तू घेतलंस तेव्हा एक पूर्णांक आठ होतं, आता एक पूर्णांक चार. नवे डॉक्टर म्हणाले, थांबला आहात वेळेवर. गुडघे बोंब मारतात, मारू देत. त्या पोराला माझं अक्षर लागत नाही, तेवढीच अडचण. बाकी गुणी आहे. हात हलका आहे.

डॉक्टर : आणि ती भरावातली बाई? तिचा नवरा?

कंपाउंडर : तिचं ठीक आहे. त्याचं बिघडलेलंच आहे, तू म्हणाली होतीस तेवढंच. वाढलं नाही. जाळावर जात नाही आता, खाली माती मळतो. तिनं भट्टीच्या मालकाशी भांडून पाण्याचं पिंप वर नेलं. मालक म्हणाला, पाय मोडून पडेल कुणीतरी. तर म्हणाली, पाय मोडलेला दिसतो तरी, आतलं मोडलेलं दिसत नाही. तुझं वाक्य होतं का ते?

डॉक्टर : नाही हो. तिचंच. मला सुचलं असतं तर बरं झालं असतं. वहीचं काय?

कंपाउंडर : लिहून घे. चौतिसांपैकी दोघं गाव सोडून गेले, पत्ता नाही. उरले बत्तीस. त्यांत जे वारलेत त्यांच्या घरच्यांना विचारलं. तू शिकवलंस तसंच. आधी काय दुखायचं, मग त्यावर काय करायचे. माझ्या आठवणीशी ताडून पाहिलं. सत्तावीस जण घ्यायचे. बरेचसे माझ्याच हातून.

डॉक्टर : …आणि पाच?

कंपाउंडर : पाच जणांनी कधीच घेतली नाही.

डॉक्टर : काका, नक्की?

कंपाउंडर : तीन-तीनदा गेलो एकेकाच्या घरी. बायकोला वेगळं विचारलं, भावाला वेगळं. एक तर गोळी बघूनच ओकायचा म्हणे. तरी त्यांचं बिघडलंय. अगं, हे कसं? मी तर धरून चाललो होतो, सगळं पाप खिडकीचंच.

डॉक्टर : मला माहीत नाही. पाच म्हणजे फार कमी आहेत, काका. त्यावरून काही म्हणता येत नाही. सरांना दाखवते. पण त्या पाच जणांची रोजची कामं मला तासातासानं हवीत. कधी उठतात, कधी जाळाशी असतात, लघवीला कितीदा जातात, सगळं.

कंपाउंडर : आवाज कसा बदलला बघ तुझा. थकलेली वाटत होतीस मघाशी.

डॉक्टर : थकलेय. सकाळपासून अकरा पेशंट झाले, आता वर्गात परीक्षा आहे. माझ्या बाकावरचा मुलगा मला मॅडम म्हणतो आणि माझीच वही कॉपी करतो. गेल्या वेळी मी सातवी आले.

कंपाउंडर : किती जणांत?

डॉक्टर : नऊ.

कंपाउंडर : सातवी म्हणजे चांगलंच आहे. दोघं आहेत की खाली.

डॉक्टर : लेक पण हेच म्हणाली. लोक विचारतात का माझं?

कंपाउंडर : रोज. परवा खिडकीत एक म्हातारी आली. म्हणाली, डॉक्टरीणबाई कुठे गेल्या? म्हटलं, शिकायला गेल्यात. तर डोळे मोठे करून म्हणते कशी, अगं बाई, म्हणजे इतकी वर्षं न शिकताच औषध देत होत्या होय?

डॉक्टर : अरे देवा! मग तुम्ही काय म्हणालात?

कंपाउंडर : म्हटलं, आजी, तसं त्यांना एकट्यांनाच वाटलं. म्हणून गेल्या.